सतरा नंबरचं पाकीट

मावशीच्या पार्लरमध्ये बायका केस कापायला येतात, असं पाटीवर लिहिलं होतं खरं, पण त्या यायच्या बोलायला. खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आलं आणि मान खाली गेली, की बाईच्या मनात साठलेलं आपोआप बाहेर पडतं, हे पंचवीस वर्षांच्या धंद्यात मावशीला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून तर डॉक्टरीणबाई तिच्याकडे आली. बिचारी दोन महिने दवाखान्यात 'तपासणीसाठी केस द्या' असा फलक लावून बसली होती, तिकडे एक बाई फिरकली नव्हती.

पार्लरच्या खिडकीतून वीजकेंद्राची तीन धुराडी दिसायची. खिडकीची कड मावशी सकाळी पुसायची आणि दुपारी परत पुसायची, आणि फडकं दोन्ही वेळा काळंच निघायचं. गावातले पुरुष त्या धुराड्यांखाली कामाला होते. शाळा कंपनीची, सभागृह कंपनीचं, रस्त्यावरचे दिवेही कंपनीचेच. त्यामुळे धुराडं म्हटलं की सगळे मूग गिळून गप्प.

"मावशी, कोळशात पारा असतो," डॉक्टरीणबाई म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, पण केस कापून घ्यायला नव्हे.

"किती?"

"चिमूटभर."

"मग एवढं काय?"

"चिमूटभर, पण रोज मालगाडीच्या वाघिणीच्या वाघिणी भरून कोळसा जळतो. पारा धुरातून वर जातो आणि तळ्यात उतरतो. तिथून माशांत आणि माशांतून आपल्यात. बाई पोटुशी असेल तर थेट बाळाच्या मेंदूपर्यंत. मूल दिसायला धडधाकट असतं हो, पण बोलायला उशीर, शिकायला उशीर. आणि मग सगळे मुलालाच मठ्ठ म्हणतात."

मावशीच्या हातातला कंगवा तिथल्या तिथे थांबला. तिची धाकटी लेक तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. वीजकेंद्राचं कढत पाणी जिथे तळ्यात पडतं तिथले मासे चांगले पोसतात, आणि जावई दर सुट्टीला गळ घेऊन तिथेच बसायचा. बायकोला या दिवसांत ताकद हवी म्हणून मोठा मासा तिच्या ताटात, स्वतःला शेपटी. माणूस प्रेमळ होता, त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. मावशीनं त्याच संध्याकाळी दोघांना मासे बंद करायला सांगितलं, तर तो हिरमुसला. "सगळं गाव खातंय, आई. मी याच तळ्यातलं खाऊन मोठा झालो. आकडा दाखवा, मग सोडतो."

आकडाच तर हवा होता. धुरातल्या पाऱ्यावर मर्यादा घालायची की नाही हे ठरवायला तीन महिन्यांनी समिती गावात येणार होती. मर्यादा आली तर धुराड्यांना गाळणी बसवावी लागणार होती, नाही आली तर चाललंय तसं चालू. समितीपुढे रडून भागत नाही, तिथे कागद लागतो. आणि कागदावरचा आकडा डॉक्टरीणबाईला बायकांच्या केसांतून काढायचा होता. केस महिन्याला नखाएवढा वाढतो आणि त्या महिन्यात पोटात गेलेला पारा त्यात राहतो. मानेवरून मुळाशी कापलेली पेन्सिलएवढी जाड एक बट पुरे होती. मूल होण्याच्या वयाच्या चाळीस बायका हव्या होत्या. नावं कुठेच येणार नव्हती, पाकिटावर फक्त नंबर. कंपनीनं एक अट घातली होती, की प्रयोगशाळेचा अहवाल सीलबंद थेट समितीकडे जाईल आणि तोवर कुणीही, डॉक्टरीणबाईनंसुद्धा, तो उघडायचा नाही.

"चाळीस मी देते," मावशी म्हणाली. "तुम्ही निघा."

आता बायकांना नुसतं 'केस द्या' म्हटलं असतं तर त्यांनी शंभर सबबी सांगितल्या असत्या. नवऱ्याला कळेल, कंपनीला कळेल, नणंद काय म्हणेल. मावशीनं पाऱ्याचं नावच काढलं नाही. तिनं दारावर कागद चिकटवला, 'केस सरळ करून मिळतील, फुकट.' गावात तेव्हा सरळ केसांचं खूळ शिरलं होतं. पार्लरच्या फळीवर क्रीमचे डबे पडून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पायरीवर सात बायका उभ्या. गर्दी आवरेना तसा मावशीनं कागद काढूनही टाकला. क्रीमचा सडक्या अंड्यासारखा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तरी एकीनं नाक मुरडलं नाही. फुकटच्या मालाला वास येत नसतो.

मावशीचा धंद्यातला एक नियम होता, तो तिनं उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. आधी औषध, मग कात्री. केस सरळ झाल्याशिवाय त्याची खरी लांबी कळत नाही. आधी कापून मग औषध लावलं तर कडा वरखाली होतात आणि ती बाई जन्मभर नावं ठेवते. तेव्हा तिनं अडतीस बायकांना आधी क्रीम लावलं, धुतलं, वाळवलं, विंचरलं, आणि मग अगदी शेवटी, मान खाली घालायला लावून, मानेवरची बट मुळाशी कापली. मुळाच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ, बट कागदात, कागद पाकिटात, पाकिटावर नंबर. पाकिटासोबतच्या अर्जात विचारलं होतं, केसांना रंग लावला आहे का. तिनं खरं ते लिहिलं, नाही. रंग तिनं कुणालाच लावला नव्हता.

डॉक्टरीणबाई दर शनिवारी पार्लर बंद झाल्यावर पाकिटं न्यायला यायची. म्हणायची, "प्रयोगशाळेतली शिकलेली माणसंसुद्धा इतक्या नीट बटा बांधत नाहीत हो." आणि एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या दोघींकडे बघून म्हणाली, "काय सुंदर केस आहेत इथल्या बायकांचे!" मावशी गालातल्या गालात हसली. आपल्या हातची कारागिरी कुणाला ओळखू येऊ नये, यापरती शाबासकी पार्लरवालीला नाही. ती हसली आणि गप्प बसली. त्या दिवशी ती 'अहो, मी केलेत ते' एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं.

दोघी तेवढ्या क्रीमविना राहिल्या. एक शाळेतल्या बाई. 'मला माझे केस आहेत तसे बरे' म्हणाल्या, तेव्हा मावशीनं त्यांना एकट्यांना खरं कारण सांगितलं, आणि नाव कुठे येणार नाही या शब्दावर त्या बट देऊन गेल्या. त्यांचं पाकीट एकतीस नंबरचं. दुसरी धाकटी. पोटुशीच्या डोक्याला औषध लावायचं नाही, हाही मावशीचा नियमच. धाकटी रुसली होती. "सगळ्या गावाला सरळ करतेस आणि पोटच्या पोरीला नाही?" तिचं पाकीट सतरा नंबरचं.

समिती आली तेव्हा धाकटीला सातवा लागून गेला होता. पाय सुजायचे म्हणून तिला पार्लर सांभाळायला बसवलं आणि मावशी दुपारी सभागृहात गेली. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर कंपनीच्या संस्थापकाची तसबीर, आणि बोलणारा चांगला असो की वाईट, प्रत्येकाला आधी किंचाळून दाखवणारा माइक. पुढच्या सहा रांगा बायकांनी भरल्या होत्या. मागून बघितलं तर सगळ्यांचे केस चकाकत पाठीवर सरळ रेघेत उतरलेले. मावशीला वाटलं, आपलंच प्रदर्शन मांडलंय. तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

व्यासपीठावर पाच लोकप्रतिनिधी आणि मधे अध्यक्ष. त्यांतले दोघंच बोलत होते. बाकीचे पाण्याचे ग्लास सरकवत होते.

उंच प्रतिनिधी मर्यादेच्या विरुद्ध होता. "अहो, पारा किती? चिमूटभर! त्या चिमटीसाठी तीन धुराड्यांना गाळणी लावायची? उद्या कंपनी म्हणाली, नाही परवडत, बंद करतो, तर या भगिनींच्या घरी चूल कोण पेटवणार?"

चष्मेवाल्या प्रतिनिधीबाई मर्यादेच्या बाजूनं. "भाजीत मीठही चिमूटभरच असतं साहेब. घरी एकदा दुप्पट टाकून खाऊन बघा, आणि मग चिमटीवर भाषण करा."

लोक हसले. उंच प्रतिनिधीही हसला. त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग दोघांनी एकमेकांच्या पक्षाचं मागच्या दहा वर्षांतलं सगळं उकरून काढलं, आणि अर्धा तास पारा कुणाला आठवला नाही. शेवटी अध्यक्षांनी टेबल वाजवलं आणि सीलबंद पाकीट फोडलं. अहवालाच्या प्रती सगळ्यांना वाटल्या. पहिला उठला तो कंपनीचा वकील. गोरटेला, मृदू आवाजाचा माणूस. त्यानं आवाज चढवला असता तर लोकांना निदान चीड तरी आली असती.

"दोनपर्यंत पारा असला तर काळजी नाही, असं डॉक्टरीणबाईंच्याच अर्जात लिहिलंय," तो म्हणाला. "चाळीस बायका तपासल्या. अडतीस बायकांचा आकडा दोनच्या आत. भगिनींनो, अभिनंदन. तुमचे केस स्वच्छ आहेत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? तीन महिने ज्या गोष्टीची गावात कुजबुज चालली होती, ती नव्हतीच म्हणे. मावशीच्या पुढच्या खुर्चीतली कंपनीची कँटीनवाली तर शेजारणीला मिठी मारून रडायला लागली.

"आता राहिल्या दोन," वकील म्हणाला. "सतरा नंबर, आकडा पाच. एकतीस नंबर, साडेचार. तळं एकच, धुराडी तीच, मग या दोघींचंच असं का? आम्ही कुणावर आरोप करत नाही. पण अडतीस घरं ठीक आणि दोनच बिघडलेली असतील, तर समितीनं धुराड्यात डोकावण्याआधी त्या दोन स्वयंपाकघरांत डोकावावं. काय खातात, कसं साठवतात, किती स्वच्छता ठेवतात."

बायका हसल्या. कँटीनवाली मागे वळून मावशीला म्हणाली, "कोण गं असतील या गलिच्छ दोघी?"

मावशीला ते ऐकू गेलं नाही. तिच्या कानात सतरा आणि पाच एवढंच घुमत होतं. पाच म्हणजे अडीच पट. पोर घाणेरडी नव्हती, तिची भांडी आरशासारखी असायची. मग सतरा आणि एकतीसच का? आणि मग तिला कळलं. शास्त्रातलं काही कळलं नाही, फक्त दोन डोकी आठवली. चाळिसांतली दोनच डोकी, ज्यांना तिनं औषध लावलं नव्हतं.

तिनं शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईचं मनगट धरलं. "बाई, ते सरळ करायचं क्रीम असतं ना, त्यानं पारा निघतो का हो?"

"कसलं क्रीम?"

मावशीनं पुढच्या सहा रांगांकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईनं त्या चकाकत्या केसांकडे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही... बट कापायच्या आधी की नंतर?"

"आधीच. नंतर कसं लावणार?"

"मावशी, ते औषध केसाची आतली वीण उसवतं. पारा त्या विणीतच धरलेला असतो. कधी निम्मा निघून जातो, कधी त्याहून जास्त." तिनं डोळे मिटले. "मला विचारायला हवं होतं. रंगाचं विचारलं, याचं नाही विचारलं."

"म्हणजे त्या अडतीस जणींत..."

"असेल. पाच असेल, सहा असेल. आता कोण सांगणार?"

मावशी किती वेळ बसून होती? फार तर वकिलानं पाणी पिईपर्यंत. उठलं तर पार्लर बुडणार हे तिला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. पण गप्प बसलं तर सतरा नंबरवर गलिच्छपणाचा शिक्का बसणार, धुराडं आहे तसं राहणार, आणि जावई म्हणणार, बघा आई, अडतीस घरं ठीक आहेत. आणि पुढच्या सुट्टीला परत गळ घेऊन निघणार. ती उठली. माइक तिच्यावरही किंचाळला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. क्रीम, नियम, दोरा, पाकीट. मधे एकदाही थांबली नाही. "तेव्हा त्या अडतीस जणींचे आकडे खोटे. या दोघींचे तेवढे खरे. गावात सगळ्यांच्याच अंगात पारा आहे. धुराड्यांना गाळणी बसवा."

बायका एकमेकींच्या केसांकडे बघायला लागल्या. तिला वाटलं, पोहोचलं.

वकील हळूच उठला. तो रागावला नव्हता. त्याला कुणीतरी घरपोच भेट आणून दिल्यासारखा त्याचा चेहरा होता.

"ताई, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक. म्हणजे तुमच्या पाकिटांवर विसंबता येत नाही, असंच ना?"

"अडतीसांवर नाही. दोनांवर येतं."

"त्या दोघींना औषध लावलं नाही, हे तुमच्याखेरीज कुणी पाहिलंय?"

"पार्लरमध्ये मी एकटीच असते."

"बरं. एकतीस नंबर कोण?"

मावशीनं शाळेतल्या बाईंकडे बघितलं. कंपनीच्या शाळेतल्या बाई. त्यांची मान खाली होती आणि त्या काही ती वर करणार नव्हत्या. "नाव सांगणार नाही," मावशी म्हणाली. "शब्द दिलाय."

"योग्यच. आणि सतरा नंबर?"

आपल्या माणसापुरता तरी शब्द मोडता येईल, असं तिला वाटलं. "माझी मुलगी."

मागून कुणीतरी खो खो हसलं. मग सगळेच हसले. वकील हसला नाही. तो अध्यक्षांकडे वळून नुसता मान लववून बसला.

पुढचं सगळं दहा मिनिटांत आटोपलं. अध्यक्ष म्हणाले, नमुने सदोष, सबब चाळीसच्या चाळीस आकडे कामकाजातून वगळण्यात येत आहेत. पुरावाच नसेल तर मर्यादा कशाच्या जोरावर घालणार? नव्यानं पाहणी होईल, प्रशिक्षित माणसांकडून, रीतसर. अवधी दोन वर्षं. लेखनिकानं पट्टी ठेवली आणि चाळीस आकड्यांवरून एक तिरकी रेघ ओढली. डॉक्टरीणबाई उभी राहून ओरडत होती, निदान दोन तरी ठेवा, फेरतपासणी करा, पण तोवर माइक बंद झाला होता.

बाहेर पायरीवर चष्मेवाल्या प्रतिनिधीबाईंनी मावशीला गाठलं. मावशीला वाटलं, या तरी पाठीवर हात ठेवतील.

"काय केलंत हे?" बाई दात आवळून म्हणाल्या. "दोन आकडे होते माझ्या हातात. त्या दोनांवर मी वर्षभर लढले असते. आज तुम्ही गप्प बसला असता तर!" आणि गाडीत बसल्या.

गावातल्या बायकांनी तर आडपडदा ठेवलाच नाही. "आम्हाला न विचारता आमचे केस पाठवलेस," कँटीनवाली म्हणाली, आणि ते खरंच होतं. "चांगला आकडा आला होता माझा. तोही खोटा म्हणालीस. आता काय करू मी? माझा खरा किती ते तरी सांग." औषध लागलेला केस गेला. नवा वाढायचा, मग कापायचा, मग तपासायचा, आणि आता मान खाली घालून त्या खुर्चीत बसणार होतं कोण? वकील जाता जाता तिला नमस्कार करून गेला. साऱ्या दिवसात तिच्याशी आदरानं वागलेला तो एकटाच माणूस, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

ती पार्लरमध्ये परतली तेव्हा उजेड होता. धाकटी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"एक बाई फिरकली नाही दुपारपासून," ती म्हणाली. "काय झालं तिकडे?"

मावशीनं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण आज एकदा खरं बोलून सगळं घालवलं होतं, आता खोटं बोलून काय वाचणार होतं? तिनं क्रीमपासून रेघेपर्यंत सगळं सांगितलं. धाकटी मधेच हसलीसुद्धा, "बरं झालं, मला सरळ केलं नाहीस." मग तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे माझा पाच खरा आहे?"

"हो."

"तोच एक खरा?"

"तो आणि शाळेतल्या बाईंचा."

"मग तो तरी ठेवला ना त्यांनी?"

"नाही गं. सगळ्यांच्या बरोबर तुझाही खोडला."

धाकटीनं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. मग तिनं आईकडे बघितलं, लहानपणी ताप मोजल्यावर बघायची तशी.

"आई, खोडल्यावर अंगातला पारा उतरतो का गं?"

"नाही," मावशी म्हणाली.